एकांकिकेचा घाट आणि समीक्षेची गुणपत्रिका

१

२०२२ साली पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी मानाचा करंडक कोणत्याही संघाला न देण्याचा निर्णय घेतला. १९६३पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत असे पूर्वी घडले नव्हते. साहजिकच वाद झाला. निर्णय धाडसाचा की अन्यायाचा, त्याने तरुण रंगकर्मी खचतील की सावध होतील, अशा दोन टोकांमध्ये तो वाद मुख्यतः फिरत राहिला. एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे म्हणताना ती कोणत्या मोजमापाने मोजली जाते, हा मूळ प्रश्न मात्र कडेला पडला. परीक्षकांना निर्णयाचा अधिकार होता आणि तो त्यांनी वापरला. ज्या मराठी समीक्षेने हे मोजमाप सिद्ध करून ठेवायला हवे होते, तिच्याकडे या प्रसंगी सांगण्यासारखे फारसे काही नव्हते, ही त्या घटनेतील अधिक गंभीर बाब होय.

हे मौन एका वर्षाचे नाही. मराठी रंगभूमीवर एकांकिका अखंड लिहिली आणि केली जाते. पुरुषोत्तम करंडक आहे. २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताकदिनाच्या पहाटेपर्यंत रंगणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ आहे. २०१४मध्ये सुरू झालेली ‘लोकांकिका’ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठे करंडक आहेत. नव्या नाटककारांचे पहिले लेखन बहुधा याच प्रकारात होते. असे असूनही नाट्यसमीक्षेच्या ग्रंथांत एकांकिकेच्या वाट्याला अनेकदा एखादे प्रकरण, आणि त्या प्रकरणात बहुतांशी नामावळीच येते. एखाद्या एकांकिकेचे दहा-बारा पानांचे साक्षेपी वाचन शोधू लागले, तर विद्यार्थ्याच्या हाती फार थोडे लागते.

या दुर्लक्षामागे दोन समजुती आहेत. एकांकिका ही नाटकाकडे नेणारी पायरी होय, ही पहिली. दुसरी समजूत अशी की एकांकिका म्हणजे थोडक्यात बसवलेले कथानक. म्हणून तिचे यश शेवटच्या कलाटणीवर ठरते. पहिलीमुळे एकांकिका वाचण्याची गरजच उरत नाही. दुसरीमुळे ती चुकीच्या रीतीने वाचली जाते. दोन्ही समजुती सैद्धान्तिक दृष्ट्या निराधार आहेत, आणि त्यांचे पोषण स्पर्धेने केले त्याहून अधिक समीक्षेच्या आळसाने केले आहे.

२

प्रथम स्पर्धेची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण स्पर्धेला दोष देऊन मोकळे होणे फार सोपे आहे. परीक्षकाला एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत अनेक प्रयोग पाहून क्रम लावावा लागतो. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत असे रकाने पाडल्यावाचून त्याचे काम होत नाही. स्पर्धेच्या मर्यादेत हे रास्तच आहे. शिवाय स्पर्धा नसती, तर गेल्या साठ वर्षांत मराठी एकांकिका जिवंत राहिली असती की नाही, याची शंकाच आहे.

परंतु लागोपाठ सादर होणाऱ्या प्रयोगांच्या रांगेत प्रत्येक प्रयोगाला आधीच्याचा ठसा पुसावा लागतो आणि पुढच्याच्या गलबल्यात टिकून राहावे लागते. अशा परिस्थितीत प्रारंभ दणक्यात हवा आणि शेवट धक्क्याचा हवा, अशी लेखकाची व दिग्दर्शकाची धारणा होते. ज्या पात्राला सर्वांनी जिवंत मानले ते मृत निघते. जो पीडित वाटला तो गुन्हेगार निघतो. सारा प्रकार एका रुग्णाच्या मनातला निघतो. ‘निघते’ आणि ‘निघतो’ या क्रियापदांवर उभी असलेली अशी एकांकिका पहिल्यांदा पाहताना पकड घेते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र तिच्यात काही उरत नाही, कारण तिचा सगळा ऐवज एका लपवलेल्या माहितीत असतो, आणि ती माहिती आता उघड झालेली असते.

समीक्षेने येथे हस्तक्षेप करायला हवा होता. प्रत्यक्षात तिने गुणपत्रिकेचीच परिभाषा उचलली. पदव्युत्तर वर्गात एकांकिकेवर लिहिल्या जाणाऱ्या ठरीव उत्तराचा साचा पाहावा. प्रारंभ, संघर्षाचा विकास, परमोत्कर्ष आणि शेवट या शिडीवर एकांकिका चढवली जाते. मग व्यक्तिचित्रण, संवाद, वातावरणनिर्मिती असे परिच्छेद येतात. ‘ही एकांकिका कमालीची परिणामकारक ठरते’ या वाक्याने समारोप होतो. कोणता परिणाम, कोणावर, कोणत्या मार्गाने, हे विचारले जात नाही. ‘परिणामकारक’ हे विशेषण वाफेच्या शिट्टीपासून शोकगीतापर्यंत कशालाही लागू पडते. ज्या शब्दाने काहीच वगळता येत नाही, त्याने कशाचे मूल्यमापनही करता येत नाही.

या साच्याचा उगम पाच अंकी नाटकाच्या पाश्चात्त्य विवेचनात आहे, आणि तेथेही तो सर्व नाटकांना पुरा पडत नाही. एकांकिकेला तो लावणे म्हणजे तिला एका मोठ्या नाटकाची आटवलेली प्रत समजणे होय. एकदा असे समजले, की तिच्यात नेहमी काहीतरी कमीच दिसते: पात्रे पुरेशी ‘फुलत’ नाहीत, संघर्ष पुरेसा ‘विकसत’ नाही. जो अभाव समीक्षक दाखवतो, तो त्याच्या मोजपट्टीने निर्माण केलेला असतो.

३

एकांकी रचना हा स्वतंत्र प्रकार आहे, ही जाणीव भारतीय नाट्यविचाराला परकी नाही. भरताच्या दशरूपविवेचनात आणि पुढे धनंजयाच्या ‘दशरूपक’मध्ये भाण, व्यायोग, वीथी, अंक अथवा उत्सृष्टिकांक हे एकांकी प्रकार नाटक आणि प्रकरण यांच्या शेजारी स्वतःच्या लक्षणांनिशी उभे आहेत. भाणात एकच नट रंगमंचावर असतो आणि अदृश्य व्यक्तींशी आकाशभाषिताने बोलतो. उत्सृष्टिकांकात करुण प्रधान असतो. नाटकाला रूपकांत अग्रस्थान आहे हे खरे; परंतु भाण हे अपुरे नाटक आहे असे शास्त्रकार म्हणत नाही. भाणाची कसोटी भाणाच्या लक्षणांतच शोधली जाते.

शास्त्रापेक्षाही प्रत्यक्ष उदाहरण अधिक बोलके आहे. त. गणपतिशास्त्री यांनी १९१२पासून त्रिवेंद्रम येथून प्रकाशित केलेल्या, भासाच्या नावावर असलेल्या नाटकांत ‘ऊरुभंग’ आहे. ते व्यायोग मानावे की उत्सृष्टिकांक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रचना मात्र स्पष्ट आहे. भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध रंगमंचावर होत नाही. तीन सैनिक त्याचे वर्णन करतात. संघर्षप्रधान नाट्यकल्पनेनुसार जो परमोत्कर्ष ठरावा, तो दुर्योधनाच्या प्रवेशापूर्वीच आटोपलेला आहे. दुर्योधन येतो तो मांड्या मोडलेल्या अवस्थेत, जमिनीवरून सरपटत. त्याचा मृत्यू निश्चित आहे आणि कोणाच्याही निर्णयाने तो टळणार नाही. मग उरते काय? क्रोधाने पेटलेल्या बलरामाला तोच आवरतो. आंधळा पिता आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली माता त्याला शोधत येतात. लहानगा दुर्जय सवयीने मांडीवर बसायला धावतो आणि बापाला त्याला अडवावे लागते. या क्षणी ‘ऊरुभंग’ या शब्दाचा अर्थ पालटतो. युद्धातील एक अधर्म्य आघात आता मुलाला बसायला जागा न उरणे एवढ्या साध्या, असह्य गोष्टीत दिसू लागतो. कथानक पुढे सरकलेले नाही. एकच स्थिती अधिक खोल उघडत गेली आहे.

पुढे यायचे ते सूत्र येथेच हाती लागते. एकांकिका घटनेपेक्षा स्थितीवर उभी राहते. नाटकात पात्रांचे निर्णय आरंभीची परिस्थिती बदलत नेतात. समर्थ एकांकिकेत ती परिस्थिती बहुधा पडदा उघडण्यापूर्वीच ठरलेली असते, आणि नाट्य असते ते तिच्या उलगड्यात.

आधुनिक युरोपीय विचार वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी पोहोचला आहे. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गने ‘मिस ज्युली’च्या १८८८च्या प्रस्तावनेत अंकविभागणी टाळण्याचे कारण दिले, ते वेळेच्या बचतीचे नव्हते. मध्यंतरात प्रेक्षकाला विचार करायला सवड मिळते आणि लेखकाने त्याच्यावर घातलेली मोहिनी सुटते, असा त्याचा मुद्दा होता. म्हणजे सलगता हे त्याच्या लेखी रूपतत्त्व होते. पेटर झोंडी या समीक्षकाने १९५६च्या आधुनिक नाटकाच्या सिद्धान्तावरील ग्रंथात याची तात्त्विक मांडणी केली. त्याच्या मते एकांकिका ही लहान आकाराचे नाटक नसून, नाटकाचा एक अंश स्वतःच पूर्णत्वाला पोहोचलेला असतो. माणसामाणसांतील संघर्षातून तणाव निर्माण होण्याचे दिवस संपले तेव्हा तो तणाव स्थितीतच साठवावा लागला. विनाश समोर उभा असतो आणि त्याच्यापर्यंतचा रिकामा काळ तेवढा पात्रांच्या हाती असतो.

झोंडीचा विचार जसाच्या तसा उचलावा असे नव्हे. त्याची मर्यादा पुढे दाखवायची आहे. परंतु इतके निश्चित म्हणता येते की ‘विकास’ आणि ‘कलाटणी’ या दोन निकषांनी एकांकिका जोखणाऱ्याने तिचे मूळ द्रव्यच नजरेआड केले आहे.

४

या भूमिकेची पारख वाचनातच व्हायला हवी. हॅरॉल्ड पिंटरच्या १९५७मध्ये लिहिलेल्या ‘द डम्ब वेटर’चा उल्लेख मराठी रंगकर्मींच्या बोलण्यात धक्कातंत्राचा नमुना म्हणून होऊ शकतो, कारण तिच्या शेवटी दोन भाडोत्री मारेकऱ्यांपैकी एकाचे पिस्तूल दुसऱ्यावरच रोखलेले दिसते. परंतु ही कलाटणी आहे काय? तळघरात थांबलेल्या बेन आणि गस यांच्यावर वरून खाद्यपदार्थांच्या मागण्या उतरू लागतात. मागणी कोण करतो हे ठाऊक नसताना ते आपल्याजवळची बिस्किटे, दूध, चहा वर पाठवत राहतात. न दिसणाऱ्या आज्ञेपुढे माणूस कसा रिता होत जातो, हे प्रेक्षकाने तोवर प्रत्यक्ष पाहिलेले असते. गस प्रश्न विचारतो, बेन विचारत नाही. शेवटच्या क्षणी पिस्तूल रोखले जाते तेव्हा लपवलेली माहिती बाहेर येत नाही. चाललेली आज्ञाव्यवस्था आपल्या टोकाला पोहोचते. गोळी सुटते की नाही, हे पिंटर दाखवतही नाही. धक्क्याच्या अपेक्षेने वाचणारा ‘मग पुढे काय’ म्हणून अडतो. स्थिती वाचणाऱ्याला ती दीर्घ स्तब्धता पुरेशी असते.

याहून टोकाचे उदाहरण सॅम्युएल बेकेटच्या ‘कम अँड गो’चे. १९६५मध्ये लिहिलेल्या या रचनेत दीडशेहूनही कमी शब्द आहेत. तीन स्त्रिया बाकावर बसल्या आहेत. एक उठून अंधारात जाते, उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात गेलेलीविषयी काही सांगते, ऐकणारी हादरते, गेलेली परत येते. हे तीनदा होते, प्रत्येकीच्या बाबतीत. कुजबुज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. पहिल्या आवर्तनातच रचनेचा नमुना कळून चुकतो, म्हणजे कलाटणीची शक्यताच संपते. आणि तेथूनच तिचे नाट्य सुरू होते: प्रत्येकीला इतर दोघींचे दुर्दैव ठाऊक आहे, स्वतःचे नाही, हे प्रेक्षकाला कळलेले असते आणि त्या तिघींना शेवटपर्यंत कळत नाही. गुणपत्रिकेच्या भाषेत येथे संघर्ष नाही, विकास नाही, व्यक्तिचित्रणही नाही. तिच्या सर्व रकान्यांत शून्य भरूनही ही रचना शिल्लक राहते. तेव्हा दोष रकान्यांचा आहे, हे मान्य करावे लागते.

मराठीत ही दृष्टी उपरी ठरेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दिवाकरांनी १९११पासून लिहिलेल्या नाट्यछटांत एकच व्यक्ती बोलते, एकच प्रसंग असतो, आणि बोलणाऱ्याचे दांभिकपण त्याच्या नकळत त्याच्याच तोंडून बाहेर पडते. तेथेही रहस्य उलगडत नाही. एक वृत्ती उघडी पडते.

महेश एलकुंचवारांची ‘होळी’ ही एकांकिका याच कसोटीवर घ्यावी. होळीच्या दिवशी सुट्टी नाकारलेल्या महाविद्यालयातील मुले बिथरतात, त्यांचा रोख अखेर स्वतःमधल्याच एका मुलाकडे वळतो, आणि त्याची परिणती त्याच्या मृत्यूत होते. यातील कोणाही एकाचे व्यक्तिचित्रण खोल आहे काय, असे विचारणारा समीक्षक असमाधानी राहील. येथे झुंड हेच पात्र आहे. तिच्यात विरघळणे ही त्या मुलांची स्थिती आहे. एका क्षुल्लक नकाराने ती उघडी पडते. १९८४मध्ये केतन मेहता यांनी यावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला आणि त्याच्या पटकथेत एलकुंचवारांचा सहभाग होता. चित्रपटाला जागा, गर्दी आणि दिवसभराचा फैलाव मिळाला. एकांकिकेकडे आहे तो कोंडलेला, बाहेर पडायला वाव न देणारा काळ. दोन्हींची तुलना अभ्यासपूर्वक झाली, तर एका आशयाचे दोन घाट म्हणजे काय, हे मराठीच्या विद्यार्थ्याला परदेशी उदाहरणावाचून समजेल.

५

आता पायरीच्या समजुतीकडे वळता येईल. एलकुंचवारांची ‘सुलतान’ १९६७मध्ये ‘सत्यकथे’त आली. सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’पूर्वी, म्हणजे १९७४पूर्वी, ‘मेमरी’, ‘भजन’, ‘झुलता पूल’ यांसारख्या एकांकिका लिहिल्या. विजय तेंडुलकरांचा ‘रात्र आणि इतर एकांकिका’ हा संग्रह ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या आधी सुमारे दहा वर्षे प्रसिद्ध झाला. या लेखनाचा निर्देश करताना वाङ्मयेतिहासात ‘पुढील नाटकांच्या खुणा येथे दिसतात’ या अर्थाचे वाक्य हमखास येते. विधान खोटे नाही. मात्र त्यात एकांकिकेला स्वतःचा वर्तमानकाळ उरत नाही. ती नेहमी कशाची तरी पूर्वतयारी असते. लघुकथा ही कादंबरीची पायरी आहे, असे कोणी म्हटल्यास मराठी समीक्षा त्याला हसेल, कारण गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा वाचताना तिने कथेची स्वतंत्र परिभाषा घडवली. एकांकिकेसाठी ते कष्ट घेतले गेले नाहीत.

याला एक भौतिक कारणही आहे, आणि ते टाळून केलेली चर्चा हवेत राहील. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडले. एकांकिका छापणारी, ती वाचून तिच्यावर बोलणारी वाङ्मयीन नियतकालिके विरळ होत गेली. आज एकांकिका लिहिली जाते ती प्रयोगासाठी. स्पर्धा संपली की तिची टंकलिखित प्रत एखाद्या संघाच्या कपाटात किंवा दिग्दर्शकाच्या संगणकात राहते. जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. म्हणजे एकांकिका नियमाने वाचण्याचे बंधन महाराष्ट्रात ज्या एका यंत्रणेवर आहे, ती आक्षेपार्ह मजकूर शोधणारी आहे. अर्थ शोधण्यासाठी संहिता वाचणारी तशी कोणतीही यंत्रणा विद्यापीठांनी उभारलेली नाही.

पायरीच्या समजुतीचा सर्वांत मोठा फटका दलित रंगभूमीला बसला. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ आणि दत्ता भगत यांची ‘आवर्त’ या एकांकिका आहेत, हा योगायोग मानता येत नाही. नाट्यगृह, भांडवल, मध्यंतर, तिकीटखिडकी या व्यवस्थेबाहेर असलेल्या लेखकाला कमीत कमी साधनांत, वस्तीतल्या मोकळ्या जागेतही उभा राहील असा प्रयोग हवा होता. परंतु केवळ साधनांच्या टंचाईने ही निवड झाली, असे म्हणणेही अपुरे आहे. ‘घोटभर पाणी’चा काळ १९७७च्या आसपासचा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७मध्ये. मध्ये पन्नास वर्षे गेली, राज्यघटना आली, अस्पृश्यता कायद्याने संपली, आणि तरीही पाण्याच्या घोटाचा प्रश्न रंगमंचावर आणावा लागला. अशा आशयाला ‘विकसित होणारे कथानक’ देणे म्हणजे जे बदललेले नाही ते बदलत असल्याचा आभास निर्माण करणे ठरले असते. तहान विकसत नाही. ती भागते किंवा भागत नाही. कथानकाचा विस्तार नाही, हा या प्रकारच्या लेखनातील उणेपणा समजला गेला. वास्तविक तेच त्याचे विधान होते.

झोंडीच्या विचाराची मर्यादा नेमकी येथे दिसते. त्याच्या मांडणीतील एकांकिकेचा माणूस परतंत्र आहे, विनाशापुढे हतबल आहे. त्याची स्थिती जणू दैवाने ठरवलेली असते. ‘घोटभर पाणी’तील स्थिती दैवाने ठरवलेली नाही. ती माणसांनी ठरवलेली आहे, त्यांपैकी काही माणसे प्रेक्षागृहात बसलेली असू शकतात, आणि म्हणून ती बदलता येण्यासारखी आहे. रंगमंचावरील गतिशून्यतेचा रोख प्रेक्षकाकडे वळतो. ‘स्थिती’ या संज्ञेला मराठी एकांकिकेने दिलेला हा सामाजिक अर्थ युरोपीय सिद्धान्तात जशाचा तसा सापडणार नाही. तो मराठी समीक्षेनेच मांडायचा होता. गज्वी यांना २०१९मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, सन्मान झाला. सन्मानाने वाचनाची जागा भरून निघत नाही.

६

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. एकांकिका ही प्रयोगाची वस्तू आहे, तिची संहिता घेऊन बसणे हा पंडिती खटाटोप होय, असा एक आक्षेप रंगकर्मींकडून येईल. प्रयोगाचे महत्त्व येथे कोणी नाकारलेले नाही. परंतु प्रयोग नाहीसा होतो, आणि त्याच्याविषयीच्या आठवणी बहुधा नटाच्या किंवा बक्षिसाच्या असतात. ‘कम अँड गो’चे नाट्य पूर्णतः प्रायोगिक आहे, तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच, तरी ती जगभर वाचली गेली, कारण तिच्या संहितेत हालचाल, प्रकाश आणि स्तब्धता यांची काटेकोर नोंद आहे. संहिता आणि प्रयोग यांचे वैर समीक्षेने कल्पिलेले आहे. चांगल्या एकांकिकेची संहिता वाचणे म्हणजे तिच्यातील काळ आणि जागा वाचणे.

दुसरा आक्षेप असा की स्पर्धेतल्या बहुसंख्य एकांकिका सामान्य असतात, मग त्यांच्यासाठी एवढी परिभाषा कशाला? बहुसंख्य कविता आणि कादंबऱ्याही सामान्यच असतात. त्यामुळे काव्यसमीक्षा अनावश्यक ठरत नाही. उलट सामान्य आणि असामान्य यांतील भेद सांगण्यासाठीच ती लागते. हा भेद सांगणारी भाषा नसेल, तर चांगली एकांकिकाही कलाटणीबाज एकांकिकांच्या गर्दीत हरवते. तिच्या तरुण लेखकाला आपण काय साधले हे सांगणारे कोणी भेटत नाही. तो दोन वर्षांत नाटकाकडे, मालिकेकडे किंवा चित्रपटाकडे वळतो, आणि पायरीची समजूत पुन्हा एकदा खरी ठरल्यासारखी दिसते.

तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. स्थितीचा निकष हा तरी नवा साचा कशावरून होणार नाही? तो होऊ शकतो, आणि त्याविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. घटनाप्रधान, विनोदी, प्रहसनात्मक अशा चांगल्या एकांकिका आहेत, पु. ल. देशपांडे यांच्या एकांकिकांतील शब्दविनोद आणि फजितीची रचना गंभीर स्थितिनाट्याच्या मापाने मोजणे हास्यास्पद होईल. म्हणून स्थिती हा गुण देण्याचा नवा रकाना नव्हे. तो वाचन जेथून सुरू करावे असा प्रश्न आहे.

तो प्रश्न फोडून असा मांडता येईल. पडदा उघडण्यापूर्वी काय घडून गेले आहे आणि काय ठरून गेले आहे? रंगमंचाबाहेर असे काय आहे, की जे आत येत नाही तरी आतल्या सर्वांना बांधून ठेवते? कशाची पुनरावृत्ती होते, आणि दुसऱ्या खेपेला तिचा अर्थ कसा पालटतो? मध्यंतर नसल्याचा उपयोग लेखकाने केला आहे, की केवळ ठरवून दिलेली मिनिटे भरली आहेत? आणि अखेरीस, शेवटी जे बदलत नाही त्याची जबाबदारी संहिता कोणावर टाकते: दैवावर, पात्रावर, की पाहणाऱ्यावर? ‘ऊरुभंग’पासून ‘घोटभर पाणी’पर्यंत हे प्रश्न विचारता येतात, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे येते. ‘परिणामकारक’ या एका शब्दात विरघळून जाणारे भेद त्यांच्यामुळे टिकून राहतात.

विद्यापीठांच्या मराठी आणि नाट्यशास्त्र विभागांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. दरवर्षी गाजलेल्या आणि न गाजलेल्या मोजक्या संहिता मिळवणे, लेखकाच्या संमतीने त्या जतन करणे, त्यांतील दोन-तीन वर्गात सविस्तर वाचणे, आणि एखाद्या नियतकालिकाने त्यांपैकी एक संहिता तिच्यावरील दोन परस्परविरोधी टिपणांसह छापणे, एवढे पुरेसे आहे. ज्या प्रकारात मराठीतील तरुण लेखक सर्वाधिक संख्येने लिहितात, त्या प्रकारासाठी हा खर्च जड नाही.

२०२२च्या परीक्षकांनी करंडक रोखून धरला तेव्हा त्यांनी निदान प्रत्येक प्रयोग पाहिला होता. मराठी समीक्षेने गेली अनेक दशके एकांकिकेला वाङ्मयेतिहासातील स्थान नाकारले, ते बहुतांशी न वाचता. आधी वाचन व्हावे; मग नकाराचा अधिकार सांगावा.